डोंगर बदलतो आहे. नोंद कोण ठेवणार?

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आणि पुण्यात येऊन ठेपला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद याआधी नाही. भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी घुसल्याचे फोटो घरोघरी पोचले. उभ्या पिकांचं नुकसान झालं त्याच्या बातम्या आल्या, पंचनाम्यांची मागणी झाली. ते सगळं रास्तच होतं. पण त्याच आठवड्यात मावळातल्या डोंगरउतारांवर करवंदांचा आणि जांभळांचा ऐन हंगाम होता. त्या फळांचं काय झालं, याचा पंचनामा कुणी केला?

कुणी केला नाही, करणारही नाही. भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर नोंदलेल्या पिकाला. करवंद हे पीक नव्हे. करवंदाची जाळी कुणाच्या नावावर नसते. आणि काट्यांतून ती फळं काढून, पानांच्या द्रोणांत भरून लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर किंवा रस्त्याच्या कडेला विकायला बसणारी ठाकर किंवा कातकरी बाई बहुधा खातेदार नसतेच. मालाला नाव नाही आणि कष्टाला नोंद नाही, मग नुकसान तरी कागदावर कुठून येणार?

मैत्रिणींनो, हे पैसे थोडे असतात, पण ते नेमक्या वेळी हातात येतात. मे संपत आलेला असतो, रोजगार हमीचं काम संपलेलं असतं, भाताचं बियाणं घ्यायचं असतं, पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात, घरावर घालायला प्लॅस्टिक आणायचं असतं. आणि मुख्य म्हणजे ते बाईच्या हातात येतात. घरात कुणाला न विचारता खर्च करता येतील असे तिच्याकडे वर्षात फार पैसे नसतात. त्यांतलेच हे.

हवामान बदलतं आहे आणि डोंगरावरची झाडंझुडपं त्याला आपापल्या परीनं उत्तर देत आहेत. ते उत्तर ज्यांच्या सर्वांत आधी लक्षात येतं त्या रानात रोज जाणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही. कुणाचं ज्ञान ज्ञान मानायचं आणि कुणाचा तोटा तोटा मानायचा, असा हा प्रश्न आहे. म्हणून तो वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सोडून देण्याजोगा नाही. तो आपला आहे.

झाडं काय करतात?

माणूस उकाड्याला कंटाळला तर उठून सावलीत जातो. झाडाला पाय नाहीत. तरीही झाडांच्या जाती जागा बदलतात, पिढ्यापिढ्यांनी. खालच्या अंगाला उष्णता सोसेनाशी झाली की तिथली रोपं मरतात. वरच्या अंगाला, जिथं पूर्वी थंडी जास्त होती तिथं, बी रुजू लागतं. शंभर वर्षांनी पाहावं तर ती जात डोंगर चढून वर गेलेली असते.

हे युरोपात मोजून झालेलं आहे, कारण तिथं जुन्या नोंदी आहेत. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. पश्चिम युरोपातल्या डोंगरांवरच्या १७१ वनस्पती त्यात तपासल्या होत्या. १९०५ ते १९८५ या काळातल्या नोंदी आणि त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा या वनस्पती दर दहा वर्षांना सरासरी २९ मीटर वर सरकलेल्या आढळल्या. २०१८ साली युरोपातल्या ३०२ शिखरांचा हिशेब ‘नेचर’मध्ये आला. शिखरांवर नव्यानं पोचणाऱ्या जातींचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या मानानं पाच पट झाला होता. खालची झाडं वर येताहेत. मग जी आधीच वर होती, त्यांनी कुठं जावं?

दुसरा मार्ग वेळ बदलण्याचा. फुलण्याचा, पालवीचा, फळ पिकण्याचा काळ पुढे किंवा मागे सरकतो. तिसरा मार्ग आहे तिथंच तगून राहण्याचा: जमिनीखाली कंद किंवा मूळ जपून वाईट दिवस काढायचे. आणि चौथा, जो मार्ग नव्हेच: नाहीसं होणं.

आपली शिडी आखूड आहे

आता हे मावळाला लावून पाहू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. लोहगडाचा माथा १०३३ मीटर, विसापूरचा १०८४. आल्प्सची तीन-चार हजार मीटरची शिखरं कुठं आणि आपले हे गड कुठं! शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण अर्ध्या अंशानं, फार तर जरा जास्त उतरतं. म्हणजे लोणावळ्यातल्या झाडानं लोहगडाच्या माथ्यापर्यंत मजल मारली तरी त्याला दोन-अडीच अंशांचाच थंडावा मिळणार. त्यापुढे शिडीच संपते. वर जाताना जागाही कमी होत जाते. पायथा रुंद, माथा एवढासा, आणि त्यातही बराचसा कातळ.

पण आपल्या डोंगराची खरी शिडी निराळीच आहे. ती पाण्याची आहे, आणि ती उभी नसून आडवी आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटर तळेगावच्या बाजूला या, पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं सदाहरित-निमसदाहरित रान. पूर्वेला सरकावं तसतसं पानगळीचं जंगल, मग गवताळ उतार आणि खुरटी झाडी. ही सगळी उतरंड एका दिवसाच्या पायी वाटेत मावते.

म्हणून इथं नुसत्या तापमानाकडे पाहून भागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर २०११ साली असं दिसलं, की तिथल्या अनेक वनस्पती उकाडा वाढूनही वर न जाता खाली सरकल्या होत्या, कारण त्या पाण्याच्या मागे गेल्या. आपल्याकडची झाडं कुठं सरकताहेत? वर, खाली, पश्चिमेच्या कड्याकडे, की ओढ्याच्या काठानं? युरोपातला हिशेब इथं जसाच्या तसा उतरवून चालणार नाही. इथला हिशेब इथंच मांडावा लागेल.

आणि पाण्याचं वेळापत्रकच बदललं आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत. २०२० साली हवामान खात्यानं ती ८ ऑक्टोबर केली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. सरासरी पाऊस मात्र तसा वाढला नव्हता. म्हणजे पाऊस भिजवतो कमी आणि झोडपतो जास्त. झोडपणारं पाणी मुरत नाही, वाहून जातं. जाताना माती घेऊन जातं. झाडाच्या दृष्टीनं तो पाऊस असून नसल्यासारखाच.

शेवळं, कारवी आणि एक लहानसं फूल

एक-दोन झाडांची गोष्ट सांगते, म्हणजे ‘वेळ बदलणं’ या शब्दांमागे काय आहे ते कळेल.

शेवळं आपल्याला माहीत आहेत. खंडाळ्याच्या घाटात, खाली खालापूर-कर्जतकडे पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून शेवळाचा कोंब वर येतो. भाजीसाठी लागतो तो हा फुलोरा, पानं नंतर येतात. मोजक्या दिवसांचा खेळ. ही भाजी तशीच शिजवली तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालायची. शेवळं आणि काकडं बाजारात शेजारी शेजारी दिसतात ती त्यामुळे. पण शेवळाचा कोंब पावसाच्या हाकेनं उठतो, आणि काकडाचं झाड मात्र फुलोऱ्यापासून फळापर्यंतचा हिशेब उन्हाळाभर आपल्या गतीनं करत असतं. पाऊस पंधरा-वीस दिवस आधी आला तर दोघांची गाठ पडेल का? हा प्रश्न कुठल्या प्रयोगशाळेत सुचणार नाही. तो चुलीपाशी सुचतो. निसर्गात अशी जोडीदारी जागोजागी आहे: फूल आणि मधमाशी, फळ आणि ते खाऊन बी पसरवणारा पक्षी. प्रत्येकाचं घड्याळ निराळं. कुणाचं पावसावर चालतं, कुणाचं उन्हावर, कुणाचं दिवसाच्या लांबीवर. एक घड्याळ पुढे गेलं आणि दुसरं मागे राहिलं की भेट चुकते.

दुसरी कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर ती दाट माजते आणि आपल्या मुळांनी माती धरून ठेवते. तिच्या काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा लेप देऊन घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंती लिंपणारे हात अर्थातच बायकांचे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, आणि मग ती मरते. मुंबईच्या डोंगरांवर ती २००८ साली आणि मग २०१६ साली फुलली. फुलल्यावर जे बी धरतं त्यावरच पुढची सात-आठ वर्षं उभी असतात. सुकलेली बोंडं ओल लागली की फुटतात आणि बी उडतं. विचार करा: अवकाळी पावसानं बोंडं आधीच फुटली, बी रुजलं, आणि पुढचे तीन आठवडे कडक ऊन पडलं तर? दरवर्षी फुलणाऱ्या झाडाला पुढच्या वर्षी दुसरी संधी असते. कारवीला आठ वर्षं थांबावं लागेल. तोवर उताराची माती कोण धरणार? मावळाला लागूनच असलेल्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गाडली गेली, आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ला. दरडी कोसळण्याची कारणं अनेक असतात, सगळा भार कारवीवर टाकता येणार नाही. पण उतारावर काय उगवतं आणि काय उगवेनासं झालं, याची पाहणी आधी व्हायला हवी, दरड कोसळल्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट थेट मावळातली आहे. तळेगाव दाभाड्याजवळच्या गवताळ उतारांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार आणि त्यांचे सहकारी आदित्य धारप व भूषण शिगवण यांना एक वनस्पती सापडली. शास्त्राला ती आजवर ठाऊक नव्हती. २०२४ साली ती ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ या नावानं जाहीर झाली. हिची तऱ्हा अशी, की ती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, डोंगराला वणवा लागून गेल्यावर. वरचं सगळं जळून जातं, पण जमिनीखालचा चिवट लाकडी बुंधा शाबूत असतो. त्यातून बुटके कोंब येतात आणि काळ्या पडलेल्या उतारावर फुलं दिसतात.

या फुलाचं कौतुक झालं, पण त्यातून मिळणारा धडा मोठा आहे. जाळ सोसून फुलण्याची अशी रीत एखाद्या वनस्पतीत दहा-वीस वर्षांत येत नाही. म्हणजे हे गवताळ उतार जुने आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘पडीक’ म्हणतात. कुणी तिथं प्लॉट पाडतं, तर कुणी चांगल्या हेतूनं खड्डे खणून परकी झाडं लावतं. दोन्हींत तो उतार मरतो. अर्थात एखादं झाड आग सोसतं म्हणून दरवर्षी डोंगर पेटवावा, असाही त्याचा अर्थ नाही. वारंवार वणवा लागला तर तेही टिकणार नाही. तारतम्य हवं, आणि ते ठरवायला तिथं गवत कापणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायला हवं.

वाट कुणी अडवली?

झाडं सरकू शकतात, पण वाट मोकळी असेल तर. मावळात ती वाट जागोजागी अडवलेली आहे.

खरं तर इथं वर सरकण्याची पाळी झाडांच्या आधी माणसांवर आली. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांनी लोणावळ्याजवळ वळवण, शिरोता ही धरणं बांधली, १९१५ साली खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. शेजारच्या मुळशीत १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, तरी खोऱ्यातली भाताची जमीन पाण्याखाली गेलीच आणि माणसं डोंगराच्या अंगावर चढली. पुढे पवना धरण झालं. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी मारले गेले, त्यांत एक बाई होती. मावळाचं पाणी कुणासाठी, हा सवाल तेव्हापासूनचा नाही; शंभर वर्षांचा आहे.

आता जमिनीची पाळी आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबई दीड-दोन तासांवर आली. उतारांना तारेची कुंपणं पडली, आत बंगले, दगडी भिंती, हिरवळीचे गालिचे. कुंपणानं बी अडतं आणि बाईही अडते. जिथून तिची आजी सरळ डोंगरावर जात होती तिथं आता फाटक आणि पहारेकरी. तिला वळसा घालावा लागतो, नाहीतर ‘चोरी’ करावी लागते. जे उरलेलं रान आहे तिथं रस्त्यांच्या आणि खोदकामाच्या कडेनं घाणेरी, रानमोडी, गाजरगवत आणि पिवळा-केशरी कॉसमॉस पसरतो. पर्यटक कॉसमॉसच्या ताटव्यात फोटो काढतात. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. हवामान बदललं की पहिला फायदा अशाच तणांना होतो, कारण त्यांना कुठलीही जागा चालते, कुठलीही वेळ चालते. ज्यांच्या गरजा नेमक्या आहेत ती झाडं मागे पडतात.

म्हणून ‘सगळं हवामानानं केलं’ असं म्हणणं मला मान्य नाही. त्या एका शब्दाखाली बरीच पापं लपतात. हवामान झाडाला सांगतं, ऊठ, सरक. सरकू न देणारं कुंपण माणसानं घातलेलं आहे, आणि ते घालणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर सापडतं.

बाई म्हणजे निसर्ग नव्हे

इथं एका गोड बोलण्यापासून सावध राहिलं पाहिजे. बाई निसर्गाच्या जवळ असते, ती धरतीसारखी सोशिक असते, म्हणून पर्यावरण तीच वाचवणार, असं व्यासपीठांवरून सांगितलं जातं. टाळ्या पडतात. घरी आल्यावर पाणी, सरपण, भाजी तिच्याच डोक्यावर. बीना अगरवाल यांनी १९९२ साली आपल्या निबंधात हा मुद्दा स्वच्छ मांडला होता: बाईचं जंगलाशी नातं तिच्या देहातून येत नाही, ते कामाच्या वाटणीतून आणि मालकीच्या अभावातून येतं. सरपण आणायचं काम तिचं, म्हणून कुठलं लाकूड जळताना धूर करतं ते तिला कळतं. रानभाजी आणायची तिनं, म्हणून टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, चाई यांतलं कुठलं कधी कोवळं असतं ते तिला ठाऊक. जात आणि वर्ग यांनीही हे ज्ञान वाटलेलं आहे. लोणावळ्याच्या बंगल्यातल्या बाईला आणि त्या बंगल्यात भांडी घासून परत जाताना सरपण वेचणाऱ्या बाईला एकाच ‘स्त्री’ शब्दात कोंबून चालणार नाही.

हे ज्ञान नोंदवता येतं, याचा दाखला आपल्या जवळच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारो बायकांच्या, लाखाच्या घरात ओव्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या जगण्याचा एवढा मोठा दस्तऐवज उभा राहिला, कारण कुणीतरी ‘बायांनो, तुम्ही काय गाता?’ असं विचारलं. तसंच ‘बायांनो, यंदा करवंद कधी पिकलं?’ असंही विचारता येईल. युरोपातल्या शास्त्रज्ञांकडे शंभर वर्षांच्या वह्या होत्या, म्हणून २९ मीटरचा आकडा काढता आला. आपल्याकडे वह्या नाहीत, पण आठवणी आहेत. कुठल्या साली कारवी फुलली ते मोठ्या मुलीच्या वयावरून सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्या गेल्या की ती वहीही गेली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बायकाच तर मोळ्या तोडतात, कंद खणतात, गवतासाठी आग लावतात. त्यांनाच आधी आवरा. यात काही तथ्य आहेच. खरतुडीसारख्या दुर्मीळ वेलीचा कंद खणून खाल्ला तर वेल संपते, हे उघड आहे. पण दिवसाला एक मोळी आणणारी बाई आणि एका पंधरवड्यात अख्खा उतार सपाट करणारं यंत्र यांना एका तराजूत कसं तोलायचं? आणि जिला उद्या पुन्हा याच रानात यायचं आहे तिला रान राखण्यात रस असतो; पण ते रान तिचं आहे, असं कायद्यानं कुणी म्हटलं तर. हक्क नसला की राखण्याची जबाबदारी तेवढी उरते.

कायदे आहेत, त्यांत आपण आहोत का?

कागदावर बरंच काही आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर आणि सामूहिक वनावर गावाचा हक्क मान्य केला. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, वनहक्क समितीत निदान एकतृतीयांश बायका हव्यात, असं तो सांगतो. हा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, मावळातल्या वाड्यांनाही तो लागू आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आणली. २००४च्या नियमांनी त्या समितीतही एकतृतीयांश जागा बायकांना दिल्या. मग काय झालं? वर्षानुवर्षं वह्या कोऱ्या राहिल्या. २०१९ साली हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, दर महिना दहा लाख रुपये दंडाची तंबी दिली, आणि घाईघाईनं लाखो वह्या भरल्या गेल्या, अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांकडून. तुमच्या गावाच्या वहीत काय लिहिलं आहे, हे तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे? ती लिहिताना किती जणींना विचारलं गेलं?

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, त्याचा गाभाच हा होता, की ग्रामसभांना विचारून ठरवा. त्यानंतर दुसरी समिती आली, २०१४पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. जुलै २०२४चा सहावा. ग्रामसभेला विचारण्याचा मुद्दा मागे पडला, आणि ग्रामसभेतल्या बायकांना विचारण्याचा तर कधी पुढे आलाच नव्हता.

हिरड्याचं उदाहरण बोलकं आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आलं. मावळात घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं उन्मळून पडली. बाळहिरडा हे तिथल्या आदिवासी घरांचं मोठं रोख उत्पन्न. भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, कारण हिरडा सरकारी व्याख्येतल्या फळबागेत बसत नव्हता. पण ते संघटितपणे झगडले, म्हणून हिरड्याचा प्रश्न निदान मंत्रालयापर्यंत पोचला. करवंदासाठी, जांभळासाठी, रानभाजीसाठी झगडणारी संघटना कुठली? ती आपणच व्हायला हवं.

आपण काय करायचं?

पहिलं, प्रत्येक महिला मंडळानं, बचत गटानं एक वही घालावी. महागडं काही नको. डोंगराचं नाव, वाडीचं नाव, आणि दहा-बारा ओळखीची झाडं: करवंद, जांभूळ, हिरडा, शेवळं, काकड, टाकळा, कारवी, मोहाची झाडं असतील तर मोह. कधी पालवी आली, कधी फूल, कधी फळ, पहिला पाऊस कधी, वणवा कधी. जिथं पूर्वी मिळत होतं आणि आता मिळत नाही ती जागा. ते आणायला आज किती वेळ चालावं लागतं, आणि पूर्वी किती लागायचा, तेही लिहावं. बाईच्या पायांचा हिशेब हाही डोंगराचाच हिशेब आहे. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शाळेत जाणाऱ्या मुलीनं लिहावं. पाच वर्षांनी या वहीला कुणी ‘बायकांच्या गप्पा’ म्हणू शकणार नाही.

एक पथ्य मात्र पाळू. दुर्मीळ कंद, औषधी मुळी नेमकी कुठं आहे हे वहीतून बाहेरच्या व्यापाऱ्याला कळता कामा नये. वही मंडळाची, तिच्यावर हक्क मंडळाचा. संशोधक आले तर त्यांचं स्वागत करू, पण नोंद देणाऱ्यांचं नाव त्यांच्या कागदावर यावं, एवढं आधी ठरवून.

दुसरं, ग्रामपंचायतीकडे जैवविविधतेची नोंदवही मागून वाचावी आणि ती ग्रामसभेत दुरुस्त करून घ्यावी. तिसरं, वनउपजाच्या नुकसानीचा पंचनामा व्हावा आणि तो वेचणाऱ्या बाईच्या नावानं व्हावा, ही मागणी तालुक्याच्या मोर्चात असावी. चौथं, सामूहिक वनहक्काचे दावे जिथं दाखल झालेले नाहीत तिथं ते करावेत, आणि डोंगरावर जाण्याच्या जुन्या वाटा नकाशावर दाखवून मोकळ्या ठेवायला लावाव्यात. त्याच वाटांनी बायका जातात. बीही त्याच वाटांनी जातं. पाचवं, गवताळ उतारांना ‘पडीक’ म्हणण्यास आणि तिथं सरसकट झाडं लावण्यास आपण हरकत घ्यावी.

मारहाण, दारू, टाकून दिलेल्या बाया, रेशन, मजुरी हे सगळं समोर असताना करवंदाच्या तारखा कुठं लिहीत बसायच्या, असं कुणी म्हणेल. पण रानातून येणारी भाजी आणि चार पैसे बंद झाले की रेशनचा, मजुरीचा आणि घरातल्या मारहाणीचाही प्रश्न जास्त बिकट होतो. ज्या बाईच्या हाती स्वतःचं काही उरत नाही तिला घराबाहेर पाऊल टाकणं अवघड जातं, हे आपण सल्ला केंद्रांत रोज पाहतो.

या वर्षीचा पाऊस कधी येईल ते आपल्या हातात नाही. तो आला त्या दिवशी डोंगरावर काय पिकलेलं होतं आणि काय हातचं गेलं, हे लिहून ठेवणं आपल्या हातात आहे. दहा वाड्यांनी जरी हे लिहिलं, तरी पुढच्या खेपेला तहसीलदारापुढे आपण रिकाम्या हातानं उभ्या राहणार नाही.